नागअळी नेमकी कोणाची? बटाट्याच्या पाकोळीपासून टुटापर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा कंपनीच्या बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाची लेखी आवृत्ती. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त लॅटिन नावं नीट लिहिलीत, कारण ती बोलताना माझी जीभ वळत नव्हती हे तुम्ही ऐकलंच असेल.

आजचा विषय एका शब्दाचा आहे. नागअळी. टोमॅटोच्या, वालाच्या, लिंबाच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली, की आपल्याकडे कुणीही सांगतं, "नागअळी पडलीय." शब्द झकास आहे. पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीच्या मध्ये, कागदाहून पातळ जागेत, एक अळी भुयार खणत जाते आणि भुयाराचा नकाशा आपल्याला बाहेरून दिसतो. पण या शब्दात एक गोची आहे. तो अळीला दिलेला नाहीये, तो रेघेला दिलेला आहे. रेघ कोणी मारली, हे त्यात कुठेच येत नाही. माशीच्या अळीने मारली तरी नागअळी, पतंगाच्या अळीने मारली तरी नागअळी.

आणि ही गोची नुसती शब्दांची नाही. २०१४ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात टोमॅटोवर एक नवीन पाहुणा आला. तेव्हा तो नवीन आहे हे ओळखणं हाच अर्धा प्रश्न होता.

मी भोसरीत राहतो. नाशिक रस्ता उड्डाणपुलावरून जातो, तिथून थोडं आत. या रस्त्याने उत्तरेला निघालं की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. चाकण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गाड्यांचे कारखाने येतात, पण चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार त्या कारखान्यांहून कितीतरी जुना. पुढे खेड आणि आंबेगावात बटाटा, त्यात सातगाव पठाराचा तर खास. नारायणगावला टोमॅटोचा बाजार. म्हणजे एकाच रस्त्यावर बटाटा आणि टोमॅटो, आणि दोघे एकाच कुळातले. पान पोखरणाऱ्या पतंगांचा महाराष्ट्रातला इतिहास सांगायचा, तर तो बराचसा या रस्त्यालगतच सांगता येतो.

सुरुवात मात्र कलकत्त्याहून करावी लागते.

१८५६ साली हेन्री स्टेन्टन नावाच्या इंग्रज माणसाने लंडनमध्ये तीन भारतीय पतंगांची वर्णनं छापली. नमुने कलकत्त्याहून डब्ल्यू. एस. अॅटकिन्सन यांनी पाठवले होते. त्यातल्या एकाचं नाव फिलॉक्निस्टिस सिट्रेला. लिंबू-संत्र्याच्या पानातला म्हणून सिट्रेला. तुमच्या गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत कोवळी पानं आकसून वळतात आणि त्यांवर चांदीसारखी रेघ चमकते ना? तोच हा. पंख पसरले तरी जेमतेम चार मिलिमीटर. पांढरा, चंदेरी, पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका. तो उडताना दिसला तर तुम्ही धूळ समजाल.

मग दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणाला तो सापडला कसा? इथेच या सगळ्या विद्येची गोम आहे. असे पतंग जाळी घेऊन पकडायला गेलात तर हाती काही लागत नाही. पान शोधायचं. पानात अळी जिवंत असताना ते तोडायचं, डबीत ठेवायचं आणि थांबायचं. अळी कोष करते, कोषातून पतंग निघतो, आणि मग तुमच्याकडे दोन गोष्टी असतात. एक पतंग, आणि तो कोणत्या झाडावर वाढला याची खात्री. स्टेन्टनने या लहान पतंगांवर तेरा खंडांचा ग्रंथ काढला, तोही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन अशा चार भाषांत एकदम. त्याचा सगळा भर यावरच होता, की अळी पाळा, झाड नोंदवा.

आपल्या बाजूलाही हे वेड होतं. एडवर्ड एटकेन, लोक त्याला 'एहा' म्हणत, जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षं लॅटिन शिकवलं, मग मीठ आणि कस्टम खात्यात गेला. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. कारवारला त्याने डेव्हिडसन आणि बेल या दोन अधिकाऱ्यांबरोबर शेकडो सुरवंट पाळले, कोण कुठल्या झाडावर जगतो ते लिहून ठेवलं. ते फुलपाखरांचे होते, पान पोखरणारे नव्हते. पण रीत तीच. कलेक्टर, जंगल अधिकारी आणि कस्टमवाला, तिघं मिळून सुरवंटांना पानं घालतायत, हे चित्र मला फार आवडतं.

आता १९०६. इथून आपला रस्ता सुरू होतो.

त्या काळी मुंबई इलाख्यात बटाट्याचं बेणं इटलीहून यायचं. १९०६ मध्ये त्या बेण्यासोबत एक पतंग आला. फ्थोरिमेया ऑपरक्युलेला. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बटाट्यासारखाच. शास्त्रात नाव मिळालं १८७३ मध्ये, टेक्सासच्या नमुन्यांवरून. आपले शेतकरी त्याला पाकोळी म्हणतात. फ्थोरिमेया या ग्रीक धर्तीच्या नावाचा अर्थच नासधूस करणारा असा होतो, आणि तो खोटा नाही.

पाकोळीची अळी शेतात पान पोखरते. तिथे फार बिघडत नाही. खरी लढाई पुढे होते. उन्हाळ्याआधी काढलेला बटाटा पावसाळी लागवडीच्या बेण्यासाठी ठेवायचा, तर शेतकरी आरण लावायचे. झाडाच्या सावलीत ढीग, वर पाला. पाकोळीची मादी बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, अळी डोळ्यातून आत शिरते आणि बाहेर काळी विष्ठा दिसायला लागते. आरणीत एक पिढी, मग दुसरी, मग तिसरी. जूनमध्ये उघडाल तेव्हा बेणं नाही, वास येतो. ज्याचं बेणं गेलं, त्याचा पुढचा हंगाम गेला. कीटकनाशकांची बाटली दुकानात मिळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

या किडीबद्दल इथे पहिल्यांदा लिहिलं ते हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी. बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत ते सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. (पुढे लंडनमध्ये किडे मारायच्या वायूवर प्रयोग करताना त्याच वायूने ते गेले, १९२५ मध्ये. धंद्याने घेतलेला बळी.) त्यांच्या जागी आलेले टी. बेनब्रिग फ्लेचर मूळचे नौदलातले. फ्लेचरनी १९२० मध्ये भारतातल्या अतिलहान पतंगांच्या जीवनक्रमावर एक जाडजूड अहवाल काढला, चित्रांसकट. त्यात आंबा, काजू, जांभूळ, करंज अशा आपल्या रोजच्या झाडांच्या पानांतून निघालेले पतंग भेटतात.

या अहवालाची मेहनत कोणाची, हेही सांगतो. नाव फ्लेचरचं. पण पुसाच्या कीटकगृहात रोज सकाळी डब्या उघडून बघणारे, ताजी पानं घालणारे, बुरशी आलेली पानं काढणारे, आणि अळीची कात कधी पडली ते लिहिणारे बहुतेक भारतीय सहायक होते. सी. सी. घोष यांच्यासारख्या थोड्यांची नावं छापली गेली. बाकीचे 'सहायक' या एका शब्दात बसले. आज कुठल्याही लॅबमध्ये काम करणारा माझा श्रोता इथे हसला असेल, मला माहितीये.

पतंग निघाला, पुढे काय? त्याला नाव कोण देणार? तो पिनेला टोचून जहाजाने इंग्लंडला जायचा, एडवर्ड मेरिक नावाच्या शाळामास्तरकडे. हा माणूस मार्लबरोच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवायचा. (हो, दुसरे लॅटिन मास्तर. योगायोग आहे, पण नावं द्यायला उपयोगी पडला असणार.) शाळा सांभाळून, नंतर निवृत्तीत, त्याने जगभरच्या चौदा हजारांच्या आसपास लहान पतंगांना नावं दिली. चौदा हजार! भिंगाने बघायचा. पंखांच्या शिरा, रंग, खवले. पतंगाच्या पोटाचं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना बघायची नवी पद्धत त्याच्या हयातीतच रूढ होत होती, पण तो तिच्या वाटेला गेला नाही. १९३८ मध्ये तो वारला. काजूची कोवळी पानं पोखरणारा पतंग, जो आज कोकणात आणि गोव्यात बागायतदारांना छळतो, त्याचं नाव मेरिकचंच, १९१४ चं.

आणि १९१७ मध्ये त्याने पेरू देशातल्या वान्कायो या डोंगरातल्या गावाहून आलेल्या एका करड्या पतंगाला नाव दिलं. फ्थोरिमेया अॅब्सोल्युटा. त्या दिवशी ते एक फुटकळ काम असणार. कागदावर काही ओळी, पुढचा पतंग. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

मधल्या काळात आपल्या भागात काय चाललं होतं? पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरल्ड मान होते. त्यांचं 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे १९१७ चं पुस्तक ज्या गावावर आहे ते गाव म्हणजे आपलं पिंपळे सौदागर. आज तिथे टॉवर आहेत आणि फ्लॅटचे भाव ऐकून घाम येतो, पण मानसाहेबांनी तिथल्या एकेका घराचं शेत आणि कर्ज मोजलं होतं. पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचाही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सविस्तर अभ्यास केला. पुढे राजगुरुनगरला बटाटा संशोधनाचं केंद्र आलं आणि पाकोळीवर तिथे बरंच काम झालं. त्यातला एक उपाय मला भन्नाट वाटतो. कोपिडोसोमा नावाची दक्षिण अमेरिकेतली चिमुकली गांधीलमाशी. ती पाकोळीच्या अंड्यात आपलं एक अंडं घालते. पाकोळीची अळी जन्मते, खाते, वाढते, आणि आतल्या त्या एका अंड्याचे तुकडे होत होत तीस-चाळीस गांधीलमाश्या तयार होतात. शेवटी पाकोळीच्या अळीची नुसती पिशवी उरते.

बरं, आता नागअळी या शब्दाने खरी गडबड केली तो काळ. १९९० च्या सुमारास भारतात लिरिओमायझा ट्रायफोली नावाची एक माशी आली. तीही अमेरिकेकडची. बारीक, काळी-पिवळी. तिची अळी टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढते. पंधरा-वीस वर्षांत ही रेघ इतकी सवयीची झाली, की टोमॅटोवर नागअळी म्हणजे हीच माशी असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

तिकडे मेरिकचा तो पेरूचा पतंग दक्षिण अमेरिकेत टोमॅटोचा कर्दनकाळ झाला होता. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये दिसला. तिथून भूमध्य समुद्राभोवती पसरला. या युरोपीय पतंगांचे जनुक तपासले तेव्हा ते मध्य चिलीतून झालेल्या एकाच आगमनाशी जुळले, असा निष्कर्ष २०१५ मध्ये छापला गेला. मग तुर्कस्तान, इराण. आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पुण्यात टोमॅटोवर तो सापडला. महिन्या-दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही. आपल्याकडे सगळे त्याला नुसतं 'टुटा' म्हणतात, कारण तोवर त्याचं नाव टुटा अॅब्सोल्युटा झालं होतं.

आता विचार करा, तुम्ही नारायणगावकडचे शेतकरी आहात, साल २०१४. पानावर पांढरे डाग. तुम्ही म्हणणार, नागअळी. दुकानदार म्हणणार, नागअळी. आणि तुम्ही माशीचं औषध मारणार. फरक असा, की माशीची अळी पानातच राहते. झाड कमजोर होतं, पण फळाला ती हात लावत नाही. टुटाची अळी एक भुयार सोडून दुसरं खणते, शेंड्यात शिरते, खोडात शिरते आणि देठाजवळून थेट टोमॅटोत घुसते. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेला टोमॅटो बाजारात कोण घेणार? शिवाय या पतंगाने दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात एकामागून एक औषधं पचवून दाखवली आहेत. म्हणजे चुकीचं औषध मारायचं, पैसे गेले, आणि मित्रकिडेही मेले.

ओळखायचं कसं? पान उजेडासमोर धरा. रेघ बारीक, गोल गोल फिरत गेलेली, दोरीसारखी असेल तर बहुधा माशी. टुटाचं भुयार सुरुवातीला रेघ असतं, पण लवकरच पसरून पारदर्शक चट्टा होतो आणि विष्ठेचा काळा गोळा एका कोपऱ्यात साठतो. मग टाचणीने चट्टा उघडा. अळीला डोकं दिसतं का? माशीच्या अळीला डोकं असं नसतंच, पायही नसतात, पिवळसर तांदळाच्या कणीसारखी दिसते. पतंगाच्या अळीला तपकिरी डोकं आणि पाय असतात. इथपर्यंत मोबाइलच्या कॅमेऱ्याला ते चिकटवायचं भिंग लावलं तरी जमतं.

पुढची पायरी अवघड आहे. टोमॅटोच्या पानात बटाट्याची पाकोळीसुद्धा कधीकधी पोखरते. दोघी चुलत बहिणी. पाकोळीच्या अळीच्या डोक्यामागची ढाल सगळी गडद तपकिरी असते. टुटाची ढाल फिकट असते, फक्त मागच्या कडेला एक काळी तिरकी पट्टी. पतंग तर दोन्हीही करडे, ठिपकेवाले, बोटाच्या नखावर मावतील असे. तिथे पक्का निकाल मेरिकने नाकारलेल्या पद्धतीनेच लागतो, नराचं पोट कापून सूक्ष्मदर्शकाखाली. नाहीतर डीएनए.

पण पोट कापायला आधी पतंग हवा. आणि पतंग हवा तर पान पाळा. मी हे घरी करतो, सांगतो कसं. झाकणाची पारदर्शक डबी, मिठाईवाले देतात ती चालते. तळाला टिश्यू पेपर, किंचित ओला. किंचित म्हणजे खरंच किंचित, कारण घाम धरला की दोन दिवसांत बुरशी. एका डबीत एकाच झाडाची पानं. डबीवर चिठ्ठी: झाड, गाव, तारीख. ही चिठ्ठी नसेल तर आत निघालेल्या पतंगाची किंमत निम्म्याहून कमी. झाडाचं नाव येत नसेल तर फूल-पानाचा फोटो काढा, नाव नंतर विचारा. रिकामं भुयार असलेलं एक पान वहीत दाबून ठेवा, कारण भुयाराचा आकार, विष्ठेची रेघ आणि झाड या तिन्हींवरून कितीतरी जाती पतंग न बघताच ओळखता येतात. एक काळजी मात्र घ्या. टोमॅटोची पोखरलेली पानं एका गावाहून दुसऱ्या गावाला उघडी नेऊ नका, आणि डबी बाल्कनीत उघडू नका. टुटा अशाच कुणाच्या तरी मालातून समुद्र ओलांडून आलाय.

माझ्या डब्यांचा हिशोब विचाराल, तर लिंबाच्या कुंडीतल्या पानांतून पतंगापेक्षा बारीक गांधीलमाश्याच जास्त निघतात. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा आई म्हणाली, "अरे, फेक ते, चावेल." त्या माणसाला चावत नाहीत, त्या नागअळीच्या अंगावर वाढलेल्या असतात. १९९३ मध्ये आपला हाच सिट्रेला फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या संत्रा बागांत हाहाकार झाला, तेव्हा अमेरिकनांनी पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून अशीच एक गांधीलमाशी आणून सोडली. म्हणजे भोसरीतल्या कुंडीत जे फुकट चालू आहे, त्यासाठी तिकडे विमानाने मदत मागवावी लागली. मी कुंडीवर औषध मारणं बंद केलंय. पानं थोडी वाकडी येतात. लिंबं येतात.

राहता राहिला नावाचा प्रश्न. मेरिकने १९१७ मध्ये फ्थोरिमेया म्हटलं. नंतरच्या शास्त्रज्ञांनी पोटं कापून बघितली आणि त्या पतंगाला एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं. नोरिमोस्केमा, मग स्क्रोबिपाल्पुला, मग स्क्रोबिपाल्पुलॉइडिस, शेवटी १९९४ मध्ये टुटा. २०२१ मध्ये दोन संशोधकांनी रचना आणि डीएनए दोन्ही पुन्हा तपासलं आणि त्याला परत फ्थोरिमेयात टाकलं. एकशेचार वर्षांनी भिंगवाल्या मास्तराचं नाव परत आलं. त्यामुळे आता शास्त्राच्या कागदावर १९०६ ची बटाट्याची पाकोळी आणि २०१४ चा टोमॅटोचा टुटा एकाच आडनावाचे झालेत. कृषी सेवा केंद्रात मात्र टुटाच म्हणा, नाहीतर दुकानदाराला वाटेल तुम्हाला शिंक आली.

या पावसाळ्यात नाशिक रस्त्याच्या दुभाजकावरच्या किंवा सोसायटीतल्या करंजाची पानं बघा. पांढुरके फोड दिसतील. पान डबीत घाला, चिठ्ठी लिहा आणि जे निघेल त्याचा फोटो मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले आठ-दहा घेऊन बसू.